मूल फार चंचल आहे? तपासणीसाठी नेमके कोणाकडे जावे?



कपाशीची पाने लाल पडू लागली की आपण त्याला 'लाल्या' म्हणून मोकळे होतो. पण लाल्याचे कारण एकच नसते. मॅग्नेशियम कमी पडले तरी पान लाल होते, तुडतुड्यांनी रस शोषला तरी होते, रानात पाणी साचले किंवा पिकाला ताण बसला तरी होते आणि रात्रीची थंडी एकदम वाढली तरी होते. कारण न बघता दुकानदाराने दिलेले औषध ज्याने मारले, त्याचा पैसा गेला आणि पान लालच राहिले. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे.

आज हाच नियम पिकाऐवजी घरातल्या लेकराला लावून बघायचा आहे. एखादे मूल एका जागी बसत नाही, सांगितलेले ऐकत नाही, अभ्यासात लक्ष नाही, वह्या-पेन्सिली रोज हरवते, मध्येच बोलते, रांगेत थांबत नाही. घरचे म्हणतात वांड आहे, गुरुजी म्हणतात मठ्ठ आहे, आजी म्हणते नजर लागली. अशा काही मुलांच्या बाबतीत वैद्यकशास्त्र एक वेगळे नाव सांगते. त्याला डॉक्टर मंडळी 'एडीएचडी' म्हणतात. मराठीत सांगायचे तर लक्ष टिकण्यातली कमतरता आणि अतिचंचलता. हा लेख त्या आजाराच्या औषधाबद्दल नाही. त्याची तपासणी कोणाकडून करून घ्यावी, एवढ्यापुरताच आहे. कारण गावाकडे खरी फसगत तिथेच होते.

हे नेमके काय आहे?

लहान पोर म्हटले की चंचलपणा आलाच. पाच वर्षांचे पोर दिवसभर शांत बसले तर उलट आईला काळजी वाटते. मग एडीएचडी कधी म्हणायचे? डॉक्टर साधारण चार गोष्टी बघतात. एक, ही लक्षणे किमान सहा महिने सतत आहेत का. दोन, ती बारा वर्षांच्या आत दिसू लागली का. तीन, ती एकाच ठिकाणी नसून घरी, शाळेत, पाहुण्यांकडे अशी दोन किंवा अधिक ठिकाणी दिसतात का. चार, त्यामुळे मुलाचे शिक्षण, मैत्री, घरातले वागणे यांचे खरोखर नुकसान होते का.

जगभरच्या पाहण्या धरल्या तर शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांना हा त्रास आढळतो. म्हणजे दोनशे पटाच्या शाळेत अशी काही मुले असणारच. हा त्रास बराचसा आनुवंशिक असतो. आईच्या लाडाने तो होत नाही, बापाच्या धाकाने जात नाही आणि करणीचा तर त्यात संबंधच नाही. तेव्हा सासूने सुनेला आणि नवऱ्याने बायकोला दोष देणे आधी थांबवावे.

आणखी एक. सगळीच मुले उड्या मारणारी नसतात. काही मुले, त्यात मुली पुष्कळ, गुपचूप बसून असतात. फळ्याकडे बघतात, पण मन तिथे नसते. त्या कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. सातवी-आठवीत नापास होऊ लागल्या की 'पोरीला डोकं नाही' म्हणून शाळा सुटते आणि पुढचा विषय लग्नाचा निघतो. अशा मुलीची तपासणी वेळेवर झाली तर तिचे आयुष्य वेगळ्या वाटेला लागू शकते.

आधी कान, डोळे आणि झोप

लाल्यासारखेच इथेही आहे. लक्षण एक, कारणे अनेक. ज्या मुलाला ऐकू कमी येते, ते सांगितलेले ऐकत नाही. ज्याला फळा अंधुक दिसतो, ते लिहून घेत नाही, मग चुळबुळ करते. रात्री घोरणारे, टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेले मूल नीट झोपत नाही आणि दिवसा चिडचिड करते. अंगात रक्त कमी असले, थायरॉइडचा दोष असला तरी लक्ष लागत नाही. काही मुलांना अशी फिट येते की ती खाली पडत नाहीत, नुसती काही सेकंद टक लावून बघत राहतात. गुरुजींना वाटते पोरगं तंद्रीत आहे. घरात रोज भांडण, दारू, मारहाण असेल तर त्या मुलाचेही चित्त ठिकाणावर राहत नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघणाऱ्या मुलाचेही तसेच.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. दिवाळीच्या आसपास शाळा सुटते ती उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा दिसते. मधले धडे गेलेले असतात. वर्गात काय चालले आहे हे कळतच नसेल तर मूल खिडकीबाहेर बघणार नाही तर काय करणार? तो आजार नव्हे, बुडालेला अभ्यास आहे. दोन्हींतला फरक जाणकार माणसालाच कळतो. म्हणून योग्य माणूस गाठायचा.

मागे एका गावात पीक बैठक संपल्यावर एक शेतकरी बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, पोरगं पाचवीला आहे. रोज तक्रार. मारून बघितलं, अंगारा लावला. तीन दवाखाने झाले. एकानं टॉनिक दिलं, एकानं डोक्याचा फोटो काढायला लावला, एकानं बोटांचे ठसे घेऊन पैसे घेतले. आता शाळेतून काढून शेळ्यांमागं घालावं म्हणतो." मी त्यांना जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवला. तिथे पहिल्याच दिवशी कळले की पोराचे दोन्ही कान जुने फुटलेले, ऐकू बरेच कमी येते. कानाचा इलाज झाला. त्यानंतरही काही चंचलपणा उरला, तेव्हा गुरुजींकडून फॉर्म भरून घेऊन पुढची तपासणी झाली आणि एडीएचडीचे निदान पक्के झाले. म्हणजे त्या एका पोरात दोन गोष्टी होत्या. तीन ठिकाणी पैसे गेले, पण कानात बॅटरी घालून कोणी पाहिले नव्हते.

कोण काय करतो?

शेतात जसे माती तपासणारा वेगळा, कीड ओळखणारा वेगळा, जनावरांचा डॉक्टर वेगळा, तसेच इथे आहे. प्रत्येकाचे काम समजून घ्या.

बालरोगतज्ज्ञ : लहान मुलांचा डॉक्टर. सुरुवात इथून करणे उत्तम. वजन-उंची, रक्त, थायरॉइड, कान-डोळे यांची तपासणी तो करतो किंवा करवून घेतो. मोठ्या शहरांत मुलांच्या वाढीचा व वर्तनाचा खास अभ्यास केलेले बालरोगतज्ज्ञ असतात. ते पुढचे निदानही करू शकतात.

मानसोपचारतज्ज्ञ : हा एम.बी.बी.एस. नंतर मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. एडीएचडीचे निदान करणे व गरज असेल तर औषध लिहून देणे हे त्याचे काम. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून त्याचे नाव काढताच अनेक जण मागे सरतात. पोटाच्या डॉक्टरकडे जायला लाज वाटत नाही, मग इथे का वाटावी? मुलांचे रुग्ण नेहमी बघणारा मानसोपचारतज्ज्ञ मिळाला तर अधिक चांगले.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ : लोक याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून ओळखतात. हा बुद्धीच्या, लक्षाच्या, वर्तनाच्या चाचण्या घेतो आणि मुलाशी कसे वागावे हे आई-बापाला शिकवतो. हा औषध लिहून देऊ शकत नाही. दिले तर समजावे की काहीतरी गडबड आहे.

मेंदूविकारतज्ज्ञ : याला न्यूरोलॉजिस्ट म्हणतात. फिट येत असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा हातपाय नीट चालत नसतील तर याच्याकडे. नुसत्या चंचलपणासाठी सुरुवातीलाच याच्याकडे धावण्याची गरज नसते.

कान-नाक-घशाचे व डोळ्यांचे डॉक्टर : कारण वर सांगितलेच आहे.

विशेष शिक्षक : मुलाला वाचन, लेखन, गणित यांत खास अडचण आहे का हे हा बघतो. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांत अशी अध्ययनाची अडचणही बरोबर असते. ती सुटली तर अर्धेच काम होते.

समुपदेशक : धीर देतो, वागणुकीचा सल्ला देतो. चांगल्या समुपदेशकाचा उपयोग मोठा आहे. पण निदान करणे हे त्याचे काम नव्हे.

जवळची सरकारी सोय

खिशातला पैसा काढण्याआधी सरकारी दारे ठोठवावीत. २०१३ पासून देशात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाली. या कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ते तपासणी करते आणि ज्या तीसेक दोष-आजारांकडे पथकाने बघायचे असते, त्यांत एडीएचडीचे नाव आहे. पण पथकासमोर मूल दोन-तीन मिनिटे उभे राहते. तेवढ्यात हा दोष दिसत नाही. म्हणून पथक येण्याच्या दिवशी आई किंवा बापाने शाळेत हजर राहून तोंडाने सांगावे की, आमच्या पोराची अशी अशी तक्रार आहे, लिहून घ्या.

पथक पुढची चिठ्ठी देते ती जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी. लोक त्याला डीईआयसी म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, कान व डोळे तपासणारे असे सगळे एका छताखाली असावेत, अशी त्याची रचना आहे. सगळ्या जागा सगळीकडे भरलेल्या असतातच असे नाही, तेव्हा जाण्याआधी आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून कोण कोणत्या वारी असतो हे विचारून घ्यावे. एक खेप वाचते, मजुरीचा एक दिवस वाचतो.

याशिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मानसोपचारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात बसतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत केले आहेत. गुंतागुंत असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग आणि मनोविकार असे दोन्ही विभाग असतात. घरबसल्या विचारायचे असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो रात्रंदिवस चालू आहे आणि मराठीतही बोलता येते. फोनवर निदान होत नाही, पण जवळ कुठे जावे हे कळते.

तज्ज्ञाला हे प्रश्न विचारा

बियाणे घेताना आपण पिशवीवरची तारीख, लॉट नंबर बघतो, पावती मागतो. डॉक्टरकडे मात्र तोंड उघडत नाही. संकोच सोडा. चांगला तज्ज्ञ प्रश्नांनी रागावत नाही.

१) तुम्ही अशा मुलांची तपासणी नेहमी करता का? वर्षातून एखादे मूल बघणारा आणि दर आठवड्याला बघणारा यांत फरक असतो.

२) तुमची नोंदणी कुठे आहे? डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तिला आरसीआय म्हणतात. भिंतीवर दहा प्रमाणपत्रे टांगलेली असली तरी हा नोंदणी क्रमांक विचारावा.

३) शाळेची माहिती तुम्ही घेणार का? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मातीचा नमुना आपण एकाच जागचा घेत नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती काढतो, मिसळतो आणि मग त्यातली अर्धा किलो पाठवतो. उकिरड्याजवळची माती घेतली तर अहवाल चुकतो. मुलाचेही तसेच. दवाखान्यात नवख्या माणसासमोर वांड पोरही तासभर गरीब गाईसारखे बसते. म्हणून घरची माहिती वेगळी, शिक्षकांची वेगळी आणि दवाखान्यातली वेगळी, अशी तिन्ही जमा करूनच निदान व्हायला हवे. त्यासाठी ठरावीक प्रश्नांचे फॉर्म असतात. ते आई-बापाने आणि गुरुजींनी वेगवेगळे भरायचे असतात.

४) चाचणी कोणत्या भाषेत घेणार? बुद्धीची चाचणी मुलाला कळणाऱ्या भाषेत हवी. डॉ. व्ही. व्ही. कामत यांच्या नावाने ओळखली जाणारी बिने-कामत चाचणी मराठीत आहे. घरी गोरमाटी, भिली, कोरकू बोलणारे मूल असेल तर ते आधीच सांगावे. नाही तर भाषा न कळल्याचे गुण बुद्धीतून कापले जातात.

५) किती खेपा लागतील, एकूण खर्च किती? खाजगीत जायचे असेल तर आधीच सगळे मोजून घ्यावे. एका बैठकीत सगळे उरकेल असे धरू नये. दोन-तीन खेपा लागल्या तर तो तज्ज्ञ मन लावून काम करतो असे समजा.

६) लेखी अहवाल देणार का? काय काय तपासले, काय आढळले, घरी आणि शाळेत काय करावे, हे कागदावर हवे. तोंडी सांगितलेले एसटीत बसेपर्यंत विसरते. शाळाही तोंडी गोष्ट धरत नाही.

७) औषध लागले तर देखरेख कोण करणार? प्रत्येक मुलाला औषध लागतेच असे नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलात तर आधी आई-बापाला वागणुकीचे शिक्षण देतात. औषध सुरू केलेच तर भूक, झोप, वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांवर डॉक्टरचे लक्ष हवे. ही औषधे चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत आणि शेजारच्या पोराची तर मुळीच देऊ नयेत.

इथून माघारी फिरा

पाच मिनिटांत बघून 'एडीएचडीच आहे' किंवा 'काही नाही, खोडकर आहे' असे सांगणारा. फक्त डोक्याच्या फोटोवरून किंवा रक्ताच्या तपासणीवरून हा आजार सांगणारा. रक्त तपासतात ते दुसरी कारणे वगळायला, आणि मेंदूचा आलेख काढतात तो फिटची शंका असेल तरच. हा आजार दाखवणारे मशीन निघालेले नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारा. 'महिन्यात मुळासकट बरा करतो' अशी हमी देणारा. स्वतःच्याच दुकानातली बिननावाची पुडी किंवा महागडे टॉनिक विकणारा. सगळे पैसे आगाऊ मागणारा. आपल्याकडे बोगस बियाणे विकणाऱ्याची बोलीही अशीच गोड असते, हे विसरू नका.

जाताना पिशवीत काय न्यावे?

जन्माचा कागद आणि लसीकरणाचे कार्ड. मूल महिने भरण्याआधी झाले का, जन्मतः वजन कमी होते का, रडायला उशीर लागला का, कधी फिट आली का, चालायला-बोलायला कधी लागले, हे आईकडून आठवून लिहून घ्यावे. शाळेच्या दोन-तीन वह्या न्याव्यात, चांगली तीही आणि खराब तीही. वर्गशिक्षकांची अर्ध्या पानाची चिठ्ठी घ्यावी. घरी पंधरा दिवस रोज दोन ओळी लिहाव्यात : आज काय झाले, कशात मन लागले, किती वाजता झोपला. जुन्या दवाखान्यांचे सगळे कागद न्यावेत, लपवू नयेत. जमले तर आई आणि बाप दोघांनी जावे. लहानपणी बापही असाच होता का, हा प्रश्न डॉक्टर विचारतात. त्याचे खरे उत्तर आजीकडे असते, तेही विचारून जावे.

गावकारभाऱ्यांना दोन शब्द

सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, अंगणवाडी सेविका आणि आशाताई, हे काम एकट्या आई-बापाचे नाही. शाळा सोडलेल्या मुलांची यादी काढताना 'अभ्यासात मन नाही' एवढेच लिहून कागद मिटवू नका. त्या घरी जा. तपासणी झाली आहे का विचारा. आरोग्य पथकाची तारीख दोन दिवस आधी दवंडीने किंवा मोबाईलवर सगळ्यांना कळवा. तपासणीचा अहवाल आला की गुरुजींनी मुलाला पहिल्या बाकावर बसवावे, एका वेळी एकच सूचना द्यावी, लहान काम जमले तरी लगेच शाबासकी द्यावी. याला खर्च शून्य आहे.

कागदपत्रांची एक गोष्ट ध्यानात असू द्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार धरले आहेत, त्यांत एडीएचडी वेगळा नाही. पण अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता हे प्रकार त्यात आहेत. मुलात त्यांपैकी काही बरोबरीने आढळले तर त्याचे प्रमाणपत्र व सवलती मिळू शकतात. म्हणून तपासणी अर्धवट सोडू नये.

शेतकरी घराने आणखी एक काळजी घ्यावी. अशी मुले विचार करण्याआधी हात घालतात. उघडी विहीर, चालू मळणीयंत्र, कडबाकुट्टी, विजेची मोटर, कीटकनाशकाची बाटली या गोष्टी त्यांच्यासाठी जास्त धोक्याच्या. औषधे कुलपात ठेवा, रिकाम्या बाटल्या घरात वापरू नका, मळणीच्या दिवशी पोरावर एका मोठ्या माणसाची नजर ठेवा. तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात मिळाली तरी ही काळजी आजपासून घेता येते.

चार वर्षांच्या आत हे निदान सहसा करत नाहीत, पण शाळेत घातल्यावर वर्ष-दोन वर्षे सतत तक्रार असेल तर 'मोठा झाला की सुधारेल' म्हणून थांबू नये. पेरणीचा वाफसा जसा थांबत नाही, तशी पहिलीपासून चौथीपर्यंतची वर्षेही थांबत नाहीत. पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा एवढे करा : गुरुजींची चिठ्ठी खिशात घाला आणि ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात ते विचारून या.